वालाच्या मांडवाखाली अप्पा

“...म्हणजे मेले ते कोण, आणि उरले ते कोण?” अप्पांनी विचारलं.

विरूपाक्षच्या पाठीवर कीटकनाशक फवारायचा पंप होता, तोंडाला फडकं होतं. पट्टे खांद्यात रुतत होते आणि अप्पांना प्रश्न सुचायला नेमकी हीच वेळ सापडली होती.

“मेले ते कच्चे,” तो फडकं खाली ओढत म्हणाला. “उरले ते विष पचवणारे.”

“आणि आज वेलावर आहेत ते?”

“उरलेल्यांच्या लेकी.”

“बरं...” अप्पा म्हणाले.

मांजरा नदीच्या काठी अप्पांचा लहानसा लिंगायत मठ होता. येईल त्याला जेवू घालायचं, कोण कुठला ते विचारायचं नाही, हा तिथला नेम. त्याला दासोह म्हणत. विरूपाक्ष हत्तरगे तिथे आला तो प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून. मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड. तिला कोणतं औषध मारतं आणि कोणतं आता मारत नाही, हे तपासण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. त्यानं छातीठोकपणे पुढे केलेलं औषध दोन हंगाम चाललं आणि मग माव्यानं ते पाण्यासारखं पचवलं. गडी खचला. मठात येऊन दीक्षा मागत बसला.

अप्पांनी त्याला विहिरीजवळचा वालाचा मांडव दाखवला. याची शेंग पंगतीत पडली की दीक्षेचं बोलू, म्हणाले.

तेव्हा विरूपाक्षला हसू आलं होतं. एवढंच? ज्यानं माव्याचं कूळ अन् मूळ धुंडाळलं, त्याला एक वेल सांभाळायचा होता.

वेल फुलावर आला आणि काळा मावा पडला. शेंड्यांवर, फुलांच्या दांड्यांवर, बोट टेकवायला जागा नाही असा. त्यानं फवारलं. मावा झडला आणि थोड्याच दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त झाला. औषध बदललं, पुन्हा तेच. फुलं गळू लागली. नोकरी सोडली होती, घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. इथूनही रिकाम्या हातानं निघायचं तर जायचं कुठे? आज पंपात भरलेलं औषध सगळ्यांत जहाल होतं.

“एवढा वाढतो कसा रे हा?” अप्पांनी पुन्हा सुरू केलं.

विरूपाक्षनं नाइलाजानं सांगितलं. या मादीला नर लागत नाही. ती थेट पिल्लंच देते, सगळ्या लेकी, हुबेहूब आईसारख्या. जन्मतानाच लेकीच्या पोटात नात वाढायला लागलेली असते. विष पचवणारी एक जरी वाचली, तरी तिचं अख्खं गोत उभं राहतं.

“म्हणजे तू वेचून वेचून पैलवान तेवढे ठेवलेस.”

विरूपाक्षला ते झोंबलं. “मग काय करू अप्पा? हातावर हात ठेवून बसू?”

अप्पा वाकले, मांडवाखाली शिरले, घोंगडी अंथरली आणि मांडी घालून बसले.

“बाहेर या अप्पा. फवारायचंय.”

“फवार की. मी कुठं नको म्हणलो?”

विरूपाक्षनं पंप उतरवला.

त्या दिवशी अप्पांचं ताट मांडवाखाली गेलं. दुसऱ्या दिवशीही तिथेच. माव्याचा गोड चिकटा त्यांच्या टकलावर टपटपायचा, त्या वासानं मुंग्या चढायच्या. अप्पा उपरण्यानं डोकं पुसायचे आणि आल्यागेल्याशी तिथूनच बोलायचे. ओसरीवर वारा छान आहे, असं विरूपाक्षनं सुचवून पाहिलं. मांडवात साप निघतात, असंही सांगून पाहिलं. तो बिचारा कुठं जाईल मग, असं अप्पा म्हणाले. ते आंघोळीला उठल्यावर फवारावं, तर परत येऊन त्याच ओल्या वेलाखाली बसणार. अप्पांना जागा बदलायची बुद्धी होवो, अशी प्रार्थनाही त्यानं केली. तीही फुकट गेली.

शेवटी तो चिडून त्यांच्याशेजारी जाऊन बसला. हाताला काम नव्हतं, म्हणून पानं बघू लागला.

एका सकाळी पानाखाली काही मावे वेगळे दिसले. फुगलेले, तांबूस, जागेवर चिकटलेले. एकाच्या पाठीला गोल भोक होतं आणि आत काहीच नव्हतं. तो बघत असतानाच दुसऱ्याच्या पाठीवर बारीकसं झाकण उचललं गेलं. आतून दोऱ्याच्या टोकाएवढी गांधीलमाशी बाहेर आली आणि मिशा साफ करू लागली.

विरूपाक्ष पानाजवळ सरकला. तिला तो ओळखत होता. ती माव्याच्या पोटात अंडं घालते, आणि तिचं पिल्लू त्याला आतून खाऊन मोठं होतं. कितीही विष पचवणारा पैलवान असला तरी तिच्यापुढे त्याचं काही चालत नाही. प्रयोगशाळेत मावा बारीक जाळीआड वाढवायचे, तिथे तिला वाट नव्हती. आणि इथे त्याच्या प्रत्येक फवाऱ्यानं आधी तीच मेली होती.

त्याला रडू आलं, पण ते सुखाचं होतं. सगळं आपल्यालाच करायचं आहे, या काळजीनं तो किती वर्षं धड झोपला नव्हता. आज एकदम हायसं वाटलं.

“अप्पा... तुम्हाला ठाऊक होतं?”

“काय?”

“ही येणार ते.”

“कोण?” अप्पांनी विचारलं. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. त्यानं पान डोळ्यांजवळ धरलं, तरी त्यांना ती दिसली नाही. ती कोण, काय खाते, हे त्याच्याकडून त्यांनी लेकरासारखं सगळं ऐकून घेतलं.

वेल सावरला. उशिरा आलेली फुलं टिकली, शेंगा धरल्या. कारळाचं कूट घालून भाजी झाली आणि पंगतीत फिरली. अप्पांनी पुन्हा मागून घेतली.

“उद्या सकाळी आंघोळ करून ये,” ते म्हणाले. “दीक्षेचं बघू.”

विरूपाक्षला इतका आनंद झाला की तो तसाच उठून मांडवाकडे गेला, वेल वरपासून खालपर्यंत बघून आला.

“अप्पा, दोनचार शेंड्यांवर थोडा मावा राहिलाय. औषध नाही फवारत. बोटांनीच चिरडून काढतो, म्हणजे उद्या वेल अगदी स्वच्छ.”

अप्पांचा हात ताटातच थांबला.

“आणि मग... तुझी ती माशी जेवणार काय?”