चौकातलं ऊन

"वीस मिनिटांत माझं एवढं काम कसं मावणार, बाबा?"

दर्ग्याच्या ओट्यावर फकीरबाबा सुपारी कातरत होते. याच ओट्यावर त्यांनी निरंजनला बाराखडी गिरवायला लावली होती. आता तो शहरांचे आराखडे करायचा. परदेशातल्या परिषदेत लोकसहभागावर वीस मिनिटं बोलायला त्याला बोलावलं होतं. तिथं आराखडा पसंत पडला, की वस्तीचा चौक तसाच बांधला जाणार होता.

चौकाची लाकडी प्रतिकृती त्याने बाबांपुढे ठेवली. मधोमध बारा हिरवी झाडं.

"लोकांना विचारलंस?"

"तीन सभा घेतल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या."

"बोललं कोण?"

"मीच. समजावून सांगायला नको?"

बाबा उठले. प्रतिकृती उचलून ते चौकात गेले. सोजरबाई आणि चारजणी बाजेवर कुरडया घालत होत्या. बाबांनी प्रतिकृती त्यांच्यामध्ये ठेवली आणि निरंजनला शेजारी बसवलं. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही, एवढंच म्हणाले.

सोजरबाईंनी वाकून पाहिलं.

"चौकात मधोमध झाडं? मग कुरडया काय सावलीत वाळायच्या?"

निरंजनने तोंड उघडलं. बाबांनी त्याच्या हातात गरम चिकाची वाटी दिली.

"आणि निरू, लहानपणी इथं कावळे हाकायला तूच बसायचास ना रे?" सोजरबाईंनी विचारलं.

तो खाली मान घालून चीक खाऊ लागला.

एकीने दोन झाडं उपटून नळापाशी लावली, रांगेत डोकं तापतं म्हणून. दुसरीने चार शाळेच्या भिंतीला नेली, तिसरीने पाच दारांपुढे लावली. साहेब गप्प आहेत तोवर उरकून घ्या, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. निरंजनलाही हसू आवरेना. शेवटचं झाड त्याने स्वतःच काढून सोजरबाईंच्या हातात दिलं.

झाडांना चीक चिकटला होता. मधोमध मोकळी जागा झाली होती, आणि तिच्यावर खरं ऊन पडलं होतं.

निरंजनने त्या उन्हात बोट टेकवलं.

"बाबा... यात माझं सांगण्यासारखं आता काही उरलंच नाही."

बाबांनी त्याच्या हातातली रिकामी वाटी घेतली.

"मग वीस मिनिटं पुरतील."