खाडीकडचा फलक

कुरोसे गावच्या काबुकी नाटकघरावर दोन रंगीत फलक लागतात. एक पुढे, रस्त्याकडे. दुसरा मागच्या भिंतीवर, जिथे चिटपाखरू फिरकत नाही. समोर फक्त खाडी आणि एक ओसाड बेट. म्हातारे नावाडी गेंजी पाहुण्यांना नावेत बसवतानाच बजावतात, "मागे वळून बघाल तर नाटकाचा शेवट कळेल. मग मला बोल लावू नका!" आणि मग स्वतःच सगळी हकिगत सांगत बसतात.

फार वर्षांपूर्वी इथे मोहेई नावाचा फलक रंगवणारा होता म्हणे. नाटकाचा शेवट फलकावर दाखवायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा दंडक. शेवट बाहेरच दिसला तर आत कोण येणार? त्याची बायको सेकी प्रत्येक नाटकाला त्याच्या शेजारी बसायची. पुढे तिच्या अंगावर महारोगाचे चट्टे उठले आणि गावाने तिला बेटावर नेऊन ठेवलं. तिकडे जायची मुभा फक्त शिधा पोचवणाऱ्या नावाड्याला. मोहेई एकटा जेवायला बसायचा आणि अर्ध्या पानावरून उठायचा.

शेवटी त्याने दंडक मोडला. मागच्या भिंतीवर दुप्पट मोठा फलक चढवला आणि त्यावर शेवट रंगवला, तिला बेटावरून दिसावा म्हणून. दुसऱ्या सकाळी बेटावरच्या पाइनच्या झाडाला पांढरं फडकं बांधलेलं दिसलं. पाहिलं, असा तिचा निरोप. अशी सहा वर्षं गेली, असं सांगतात.

सातव्या वर्षी आलेल्या नाटकात नायिका शेवटी मरते. मोहेईचा हात धजेना. त्याने तिला जिवंत, हसरी रंगवली. फडकं आलं नाही. सेकीने हे नाटक पूर्वी पाहिलेलं. आपली लबाडी पकडून ती रुसली, असं त्याला वाटलं. तो पुन्हा शिडीवर चढला आणि डोळे पुसत पुसत खरा शेवट रंगवला. तरी झाड मोकळंच.

मग नावाडी शिडीखाली येऊन उभा राहिला. "मोहेईदादा, खाली या. सहा वर्षांपूर्वी इथे पहिला फलक लागायच्या आधीच वहिनी गेल्या. सांगायला माझी जीभच रेटेना, म्हणून फडकं मीच बांधत आलो. पण तुम्ही मेलेलीला हसरी रंगवलीत, आणि मला पुढे खोटं रेटवेना."

मोहेई शिडीवरून खाली उतरला. पण पुढच्या नाटकालाही त्याने दोन्ही फलक रंगवले आणि पहिल्या खेळाच्या सकाळी मागच्या दारात बेटाकडे तोंड करून बसला. आत लोक खोळंबले. त्याला उठवायला किंवा त्याच्याविना पडदा उघडायला कोणी धजेना. नावाड्याला ते पाहवलं नाही. त्याने नाव पाण्यात लोटली. थोड्या वेळाने झाडावर फडकं फडफडलं. ते कोणी बांधलं, हे मोहेईला चांगलंच ठाऊक होतं. तरी त्याने बेटाकडे पाहून हात उंचावला आणि आत जाऊन सांगितलं, "तिने पाहिलं. उघडा पडदा."

गेंजी त्या नावाड्याच्याच घरातले. आजही नव्या नाटकाच्या पहिल्या सकाळी ते एकटे बेटावर जातात आणि फडकं बांधून येतात. ते दिसेपर्यंत पडदा उघडत नाही. दिसलं की मागच्या दारातून कोणीतरी बेटाकडे हात उंचावतं. तिथे कोणी नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे.