पोळ्यातलं रिकामं घर

त्या रानात पोळं बांधायची जागा सगळ्या माश्यांच्या होकाराशिवाय ठरत नसे. पटलं तर पंख उघडायचे, न पटलं तर मिटायचे. एकीनं जरी मिटले, तरी बाकीच्यांनी थांबायचं.

मिटणारी बहुधा काजळीच असायची. "फांदी कच्ची आहे गं", "इथून मुंग्यांची वाट जाते". दोनदा तिचं खरं झालं, पाचदा खोटं. लक्षात राहिलं ते पाचदाचं. "आली बाई नन्नाची आई!" म्हणून माश्या हसायच्या, आणि तिची धाकटी बहीण सोनसळी मान खाली घालायची.

ती मान काजळीला बघवेना. आषाढात तिनं चार महिन्यांचा वसा घेतला: कुणाला नाही म्हणायचं नाही.

श्रावणात फांदी मोडली, पोळं पडलं. रानाच्या कडेला एक बंद घर होतं. त्याचं धुराडं कोरडं, वाऱ्यापासून आडोशाचं. सगळ्या हरखल्या. काजळी आत शिरली आणि थबकली. राखेचा वास होता. जुना, थंड, पण राखेचाच.

"ताई, गप्प का गं?" सोनसळीनं विचारलं. "काही आहे का?"

"वसा आहे ना गं माझा," काजळी म्हणाली, आणि तिनं पंख उघडले.

असा एकमुखी होकार कधी झाला नव्हता. राणीमाशीनं मध वाटला. "आता कशी शहाणी झालीस!" म्हणत माश्यांनी काजळीला मधोमध बसवलं. सोनसळीची मान त्या दिवशी ताठ होती.

उद्यापनाला एकच दिवस उरला होता, तेव्हा घराची माणसं परत आली. त्यांनी चूल पेटवली.

काजळी फुलांवरून आली, तेव्हा धुराड्यातून वितळलेलं मेण ठिबकत होतं. राणी आणि मूठभर माश्या तेवढ्या निसटल्या होत्या. सोनसळी पिल्लांच्या घरांवर पंख पसरून बसली होती. ती उठलीच नाही.

वसा मात्र मोडला नव्हता.

उरलेल्यांनी आंब्यावर नवं पोळं धरलं. मधोमध एक घर काजळीनं तसंच सोडलं. एक माशी तिथे मध भरायला आली, तर काजळी म्हणाली, "तिथे नको गं. ते सोनसळीचं आहे."

बायांनो, कहाणी ऐकलीत, तर एवढं करा. तुमच्याही पोळ्यात एक घर रिकामं ठेवा. सगळ्यांचे पंख उघडले, की क्षणभर त्याच्यापाशी थांबा. आतून कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, काही आहे का?"