दादा, सुकला काय?

धक्क्याजवळ पालथी घातलेली ही होडी दिसते ना, तिच्याशेजारी उंडीच्या तेलाचा डबा परवापासून भरलेला आहे. मग तेल का लावत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

फार पूर्वी या खाडीवर भिवा आणि तातू हे दोघे सुतार भाऊ राहत होते म्हणे. जत्रेला देवीची पालखी पलीकडे न्यायची म्हणून त्यांनी नवी होडी बांधायला घेतली. थोरला भिवा फळीला गाल लावून सांगायचा, लाकूड सुकलं की नाही. धाकट्या तातूला धीर नव्हता.

"दादा, सुकला काय?" तो रोज विचारी.

भिवा त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणे, "नाय रे. तुझ्या टकलेसारखा आसा. वरसून सुका, आतसून ओला."

जत्रेला चार दिवस उरले. भिवा खिळे आणायला लोहाराकडे गेला, तसा तातूने कुंचा उचलला. तेल पिऊन लाकूड असं तांबूस चकाकलं, की बायका त्यात बघून कुंकू नीट करू लागल्या, असं सांगतात. भिवा परतल्यावर तातू म्हणाला, "सुकला होता. मी गाल लावून बघितलंय." ते खोटं होतं. भिवाने मानलं.

पालखी पार झाली. पण आतली ओल तेलाखाली कोंडली होती. पुढल्या जत्रेत भर खाडीत तळाची फळी पिकल्या फणसासारखी फुटली. भिवाने पाण्यात उडी घेतली आणि होडीखाली जाऊन भोकाला पाठ लावली. तातू वल्ही मारत राहिला. किनारा लागला. पालखी कोरडी, माणसं कोरडी. भिवाचे हात होडीला घट्ट होते, श्वास तेवढा नव्हता.

तातूने पुन्हा होडी बांधली. ती सुकली का, हे त्याला कळेना, कारण त्याचा गालच ओला असे. शेवटी त्याने मोठ्याने विचारलं, "दादा, सुकला काय?" आणि थांबला. तिसऱ्या दिवशी गाल कोरडा राहिला, तेव्हा त्याने कुंचा उचलला.

आजही इथे धाकटा विचारतो आणि थोरला गाल लावून सांगतो, मगच तेल. ज्याला थोरला उरला नाही, त्याने विचारून तीन दिवस थांबायचं. आमचा बाबलदादा मुद्दाम छळायचा, "नाय रे गाढवा, उद्या विचार." गेल्या वर्षी मी चिडून कुंचा त्याच्या अंगावर फेकला होता. आषाढात तो गेला.

परवा मी एकट्यानेच विचारलं. आज तिसरा दिवस. हा डबा जरा धरा. आधी गाल लावून बघतो.