मुजरा आणि शिट्टी

“आबांची लाठी म्हणजे देवापुढचा नाच रं! खऱ्या भांडणात ते आधी मुजरा करतील, अन् वाकल्या वाकल्याच मार खातील.”

हणमंत मित्राला आपल्या वडिलांबद्दल हे सांगत होता. भिंतीपलीकडे त्याची नवी बायको हौसा चटणी वाटत बसली आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. हौसा बोलायची कमी, ऐकायची फार.

त्या गावात एक तालीम होती. हणमंताचे वडील दौलू वस्ताद तिथे लाठी शिकवत. हणमंत मात्र शहरातून झुंजीची नवी विद्या शिकून आला होता. तिथे गादीवर झुंजायचे, आणि शिट्टी वाजली की सुरू करायचे. वस्तादही काही कमी नव्हते. “पोरगं गादीवर पडायला शिकून आलंय,” असे ते शेजाऱ्याला सांगत. हौसेने तेही ऐकले. वरवंटा तेवढा जरा जोरात फिरला.

दसऱ्याला वस्ताद आपल्या गुरूची लाठी मुलाच्या हाती देणार होते. हणमंत म्हणाला, “आधी मला हरवा. हरलात तर तालमीला कुलूप.”

वस्तादांचा चेहरा उतरला. पण ते एवढेच म्हणाले, “उतर मातीत.”

दसऱ्याला गाव जमले. हलगी कडाडली. वस्तादांनी रिवाजाप्रमाणे माती कपाळाला लावली आणि ते मुजऱ्याला वाकले. हणमंत मुठी वळून मित्राच्या शिट्टीची वाट बघत उभा राहिला. एवढ्यात पिंपळाला बांधलेला गावचा वळू हलगीला बुजला आणि दावे तोडून थेट तालमीत घुसला.

वस्ताद वाकलेलेच. हणमंत थांबलेलाच.

शिंग अंगावर आले तेव्हा कुठे वस्तादांचा पाय लाठीच्या पवित्र्यात सरकतो तसा आपसूक बाजूला सरकला. वळू पुन्हा फिरला. हणमंताने बापाला कवेत घेऊन लोळण घेतली, अगदी गादीवर शिकवतात तशी. मग कसली जुनी विद्या अन् कसली नवी! दोघेही तालमीच्या भिंतीवर चढून बसले.

हौसा माहेरी गुरांतच वाढलेली. तिने वैरणीची पेंडी उचलली आणि लांबूनच वळूला दाखवली. तो मुकाट तिच्यामागून गेला. त्याला बांधून ती परतली, तर भिंतीवर वाद रंगलेला.

“माझा पाय सरकला म्हणून निभावलं.”

“अन् तुम्हाला लोळवलं कुणी, आबा?”

शेवटी वस्ताद सुनेकडे वळले. “तूच सांग पोरी. लावू का कुलूप?”

हौसेने पदर सावरला. “कुलूप कशाला, मामंजी? तुमचा पायबी खरा, अन् ह्यांचं पडणंबी खरं. पण वळूनं तुमचा मुजरा घेतला न्हाई, अन् ह्यांच्या शिट्टीची वाटबी बघितली न्हाई. तालीम दोघं मिळून चालवा. आठवड्यातनं एक दिवस तेवढा मुजऱ्याबिगर अन् शिट्टीबिगर खेळा.”

तात्पर्य: संकट कुणाचाच रिवाज पाळत नाही, म्हणून दुसऱ्याच्या विद्येला हसण्याआधी आपली विद्या अवचित प्रसंगावर घासून पाहावी.