पवळी गाय आणि येसाई राणीची कहाणी

ऐका रानमाउली, तुझी कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी आटपाट नगर वसलं होतं. तिथं एक राजा होता. त्याला तीन राण्या. दोघी राजघरच्या, तिसरी येसाई, गवळ्याची लेक. ती सासरी निघाली तेव्हा आई म्हणाली, "मुली, मुली, वसा घे."

"कसला वसा, आई?"

"रानमाउलीचा. दर सोमवारी डोंगरावर जावं. मोकळी चरणारी गुरं पाहावी. डोळा पाहावा, खूर पाहावा, पोट पाहावं. दुखलंखुपलं आपल्या हातानं निस्तरावं. मुका जीव सांगायला येत नाही, आपण विचारायला जावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

येसाईनं वसा घेतला. राजाची गुरं डोंगरावर सोडलेली, त्यांची विचारपूस कोणी करीत नसे. मग येसाई सोमवारी सोमवारी जाऊ लागली. काटा काढी, जखम धुई, हळद भरी. सवती हसत. "राणी झाली, पण शेणाचा वास काही जाईना!" येसाई म्हणे, "माझ्या माहेरचा वास आहे, बाई. मी तो झाकीत नाही."

पुढं काय झालं? राज्याभिषेकाचा सण सोमवारी आला. देशोदेशीचे राजे जमले. राजा म्हणाला, "आज डोंगर नको. माझ्या डावीकडे बसायचं."

"गुरं पाहून येते, महाराज, मग बसते."

"गेलीस तर तुझा पाट उचलीन!"

येसाई भरजरी शालूनिशी उठली, चालू लागली.

डोंगरावर गेली. सगळी गुरं पाहिली. पवळी गाय दिसेना. सटवा गुराखी म्हणाला, "राणीसाहेब, म्हातारी भाकड गाय ती. राहिली असेल कुठं. तुम्ही परता."

"भाकड झाली म्हणून परकी झाली का रे?"

मग पहिली टेकडी चढली, गाय नाही. दुसरी चढली, गाय नाही. तिसरी चढली, तो करवंदीच्या जाळीत पवळी आडवी पडलेली. भाकड कसली, वीत होती! वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. गाय अगदी थकली होती. येसाईनं बांगड्या मागं सारल्या, हात घातला. कळ थांबली तसा पाय सरळ केला, कळ आली तसं ओढलं. "सोस, बाई, सोस," म्हणाली. वासरू भुईवर आलं, पण श्वास घेईना. तिनं त्याचं नाक पुसलं, अंग चोळलं, नाकात गवताची काडी फिरवली. मग ते शिंकलं. पवळीनं मान वळवली, त्याला चाटू लागली.

इतक्यात राजा घोड्यावरून आला. मागं पाहुणे राजे. राणीला ओढून न्यायलाच आला होता. पाहतो तो शालू रक्तामातीनं भरलेला.

"राणी, हे काय रूप?"

"महाराज, तुमच्या राज्यात आज एक जीव वाढला. मी त्याची सुईण. तुम्हांला लाज वाटत असेल तर पाट उचला. मला नाही वाटत."

राजा घोड्यावरून उतरला. खांद्यावरचा शेला काढला, वासराला पुसलं. पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "ही माझी राणी."

मग राजानं वासरू उचललं. राणी पुढं, राजा मधे, पवळी मागं. नगरानं वाट दिली, बायकांनी पायांवर पाणी घातलं. येसाईनं शालू बदलला नाही. तशीच जाऊन राजाच्या डावीकडे बसली. पुढच्या सोमवारी दोघी सवती दारात उभ्या. "येसाई, येसाई, खूर कसा पाहायचा, आम्हांला शिकव." तिनं दोघींना बरोबर नेलं.

रानमाउली येसाईला पावली, तिची मान ताठ राहिली. तशी तुम्हां आम्हां लेकीसुनांची राहो, गोठ्यातल्या रानातल्या गुरांना सुख होवो. ही लांबची कहाणी जवळच्या शब्दांत, सांगणारीला ऐकणारीला सुफळ होवो, संपूर्ण.