पंतांचा परवाना

"आल्याचा परवाना दाखवा, म्हणजे जायचा परवाना देतो," बंदराचे कारकून नागेशपंत म्हणाले.

पोसू तांडेलाने हात जोडले. "पंत, आल्याचा परवाना मागल्या बेटावरून आणावा लागतो. तिथला कारकून मेहुण्याच्या लग्नाला गेलाय!"

"मग परत जा. तो आला की घेऊन या."

"बरं, जातो!"

"जाल कसे? जायचा परवाना कुठाय?"

पोसू मटकन खाली बसला. शीड तयार होतं, वारा अनुकूल होता. पुढच्या बेटावर त्याच्या लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप होता. पोर पहिलटकरीण, आणि त्या बेटावर सुईण नाही. म्हणून तर तो साऱ्या बेटांवर बाळंतपणं करणाऱ्या बायजामाय सुईणीला मागल्या बेटावरून गलबतात घालून घेऊन निघाला होता. वारा पडला तर सगळंच संपलं. बिचाऱ्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

नेमके त्या दिवशी सात बेटांचे राजे चंद्रभान बंदराची तपासणी करायला आले होते. परवान्याचा कायदा त्यांच्या आजोबांनी केलेला, त्यामुळे राजांना त्याचं भारी कौतुक. बायजामाय गलबतातून उतरली आणि तडक त्यांच्यापुढे उभी राहिली.

"महाराज, आम्हाला सोडा. बाळ काही कागदासाठी थांबायचं नाही."

"बाई, आजोबांच्या काळापासून आमच्या बेटांवर परवान्यावाचून एकही माणूस आलेला नाही!" राजे म्हणाले. "आलाय असा एक दाखव, आत्ता सोडतो. पण चोरटा चालणार नाही. चांगला, सरकारी मानाचा माणूस हवा!"

बायजामायने तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

"हे काय इथं उभे आहेत," ती म्हणाली आणि तिने पंतांकडे बोट दाखवलं.

"मी?" पंत उसळले. "अहो, मी इथलाच! माझा जन्मच इथला!"

"तेच म्हणते. जन्माआधी होतात का इथं?"

"नव्हतो."

"म्हणजे आलात! मीच आणलं तुम्हाला, ह्या दोन हातांनी. पायाळू होतात. आधी डावा पाय आला, मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, कागद शोधताहेत! शेवटी आलात, तर मी दोन्ही मुठी उघडून पाहिल्या. रिकाम्या!"

राजांनी पंतांकडे पाहिलं. "पंत, परवाना आहे?"

पंतांनी खरोखरच जुनी चोपडी काढून चाळली. त्या सालच्या आल्यागेल्यांत त्यांचं नाव नव्हतं.

"म्हणजे पंत अजून आलेलेच नाहीत, महाराज," बायजामाय म्हणाली. "आणि जो आलाच नाही, तो आम्हाला अडवतो कसा?"

राजे इतके हसले, की पगडी सावरायला दोन माणसं धावली! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बायजामायला दिलं आणि हुकूम सोडला, की हिला सातही बेटांवर कोणी कधी अडवायचं नाही. पंतांनाही गलबतात बसवलं, येणाऱ्या बाळाला जागच्या जागी परवाना द्यायला.

ऊन कलायच्या आत पोसूला नात झाली. लेक सुखरूप होती. दाराबाहेर पंत दौत, लेखणी आणि कोरा कागद घेऊन बसले होते.

"येणाऱ्याचं नाव?" त्यांनी विचारलं.

"बाराव्या दिवशी ठेवतात," आतून बायजामाय म्हणाली. "तोवर बसा!"